एकच इंग्रजी शब्द, कधी नाम कधी क्रियापद: ओळखायचा कसा, वापरायचा कसा

आय रिक्वेस्ट फॉर टू डेज लीव्ह. हे वाक्य मी निदान पाच-सहा वर्षं बिनधास्त लिहीत होते, अर्जात, मेलमध्ये, सगळीकडे, आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे बरोबरच असणार असं धरून चालले होते. मग एकदा एका सिनियर बाईंनी माझा ड्राफ्ट वाचायला घेतला आणि त्या फॉरवर नुसती काट मारली. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, अगं इथे रिक्वेस्ट क्रियापद आहे, नाम असतं तर राहू दिला असता फॉर. माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह बरोबर, आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह चूक. शब्द तोच, स्पेलिंग तेच, पण वाक्यातली जागा बदलली की त्याच्यासोबत कोण येणार तेही बदलतं. शाळेत इतकी वर्षं पार्ट्स ऑफ स्पीच घोकले पण ही गोष्ट अशी कोणी सांगितलीच नव्हती.

तर हे सगळं कसं चालतं ते लिहिते. पहिली गोष्ट, अमुक इंग्रजी शब्द नाम आहे की क्रियापद हा प्रश्न सुट्ट्या शब्दाला विचारायचाच नाही. सुट्टा रिपोर्ट, सुट्टा कॉल, सुट्टा वॉटर यांना जात नसते, वाक्यात जिथे बसतील ती त्यांची जात. हे आपल्याला अगदीच परकं आहे असंही नाही. तुझा खेळ बघितला, इथे खेळ नाम, आणि जा तू खेळ, इथे क्रियापद. नाच, मार, समज, चूक, धाव, सगळे असेच. फरक एवढाच की मराठीत क्रियापद लगेच आपला चेहरा दाखवतं, खेळतो, खेळली, खेळायचंय, त्यामुळे गोंधळ फक्त आज्ञार्थात होऊ शकतो आणि तिथेही होत नाही. इंग्रजीत मात्र आय कॉल, यू कॉल, वी कॉल, दे कॉल आणि अ कॉल, सगळीकडे तोच कोरा कॉल.

आपली खरी अडचण वेगळीच आहे. मराठीत इंग्रजी शब्द आला की आपण त्याला करणे, होणे, मारणे, टाकणे असलं काहीतरी जोडतो. कॉल केला, सर्च मार, डिलीट झालं, कमेंट टाकली. म्हणजे आपल्या डोक्यात तो शब्द एक वस्तू म्हणून बसतो आणि क्रिया दाखवायला शेजारी दुसरं काहीतरी लागतं. मग इंग्रजी बोलतानाही ते करणे मागून येतंच, आय डिड अ कॉल टू हिम, आय विल डू रिप्लाय, प्लीज डू कन्फर्मेशन. इंग्रजीत त्या शब्दालाच कामाला लावायचं असतं: आय कॉल्ड हिम, आय विल रिप्लाय, प्लीज कन्फर्म. डू किंवा डिड लिहिताना एकदा थांबायचं आणि बघायचं, पुढचा शब्द स्वतःच क्रियापद होऊ शकतो का, नव्वद टक्के वेळा होतो. (नव्वद हा माझा अंदाज हां, मोजलेलं नाही.) बरं इंग्रजीतही आपल्यासारखी जोडणी आहेच, हॅव अ लुक, टेक अ ब्रेक, गिव्ह इट अ ट्राय, मेक अ गेस, पण त्यात कोणासोबत कोण ते ठरलेलं असतं आणि ते डू क्वचितच असतं. शिवाय छटाही थोडी बदलते, लुक म्हणजे बघ आणि हॅव अ लुक म्हणजे जरा एक नजर टाक.

हे असं झालं का तर जुन्या इंग्रजीला आपल्यासारख्याच शेपट्या, म्हणजे प्रत्यय, होत्या. प्रेम म्हणजे लुफू आणि प्रेम करणं म्हणजे लुफियन. पुढच्या काही शतकांत शब्दांच्या शेवटचे उच्चार झिजत गेले, शेपट्या गळून पडल्या, आणि दोन्हीकडे उरला एकच शब्द, लव्ह. स्लीप, आन्सर यांचंही तेच झालं. एकदा अशा जोड्या ढिगाने तयार झाल्यावर लोकांना सवयच लागली, कुठलंही नाम उचलायचं आणि क्रियापदाच्या खुर्चीत बसवायचं.

आता ओळखायचं कसं. शेजारी बघायचा. आधी अ, ॲन, द, माय, युवर, धिस, दॅट, सम, एव्हरी यातलं काही असेल तर पुढे कुठेतरी नाम येणार, मध्ये एखादं विशेषण घुसलं तरी, जसं अ व्हेरी लाँग कॉल. आणि विल, कॅन, शुड, मस्ट, डोंट, डिडंट, लेट्स असलं काही आधी असेल तर पुढे क्रियापद. तरी शंका राहिली तर मी कालची ट्रिक वापरते, वाक्यात यस्टरडे घालायचं आणि वाक्य भूतकाळात न्यायचं. जो शब्द हलतो, ज्याला ईडी लागतं किंवा ज्याचं रूप पालटतं, तो क्रियापद. दे वॉक टू वर्क, काल दे वॉक्ड टू वर्क. वॉक हलला, वर्क जागेवरच राहिला, म्हणजे इथे वर्क नाम आहे.

आणि हेच वाक्य घ्यायचं कारण म्हणजे तो टू. टू आला की क्रियापद, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं आणि ते अर्धंच खरं आहे. आय वाँट टू वर्क, इथे वर्क क्रियापद. आय गो टू वर्क, इथे वर्क नाम, टू म्हणजे नुसतं कडे. आय लुक फॉरवर्ड टू युवर रिप्लाय मध्येही टू कडे-वालाच आहे. इथे टू आणि शब्दाच्या मध्ये माय किंवा द घालून बघायचं, आय गो टू माय वर्क चालून जातं, आय वाँट टू माय वर्क अजिबात नाही.

दुसरा चकवा एसचा. नामाला एस लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की ही-शी-इट वालं एकवचन, म्हणजे अगदी उलटं. द वॉक्स वेअर लाँग आणि शी वॉक्स फास्ट. वाचताना वॉक्स दिसलं की आधी मागे बघायचं, द आहे की शी आहे. आणि लिहिताना दुसरीच काळजी, काही शब्द क्रियापद असताना एस घेतात पण नाम झाले की घेत नाहीत. शी वर्क्स हार्ड बरोबर, आय हॅव मेनी वर्क्स नाही, तिथे अ लॉट ऑफ वर्क, कारण नाम असलेला वर्क मोजता येत नाही, आणि वर्क्स असं नाम दिसलं तर ते लेखक-चित्रकारांच्या कलाकृती नाहीतर कारखाना. हेल्प आणि रिसर्च साधारण तसेच, ही हेल्प्स चालतं पण थँक्स फॉर युवर हेल्प्स नाही. डिक्शनरीत नामाशेजारी मोजता येतं की नाही ते दिलेलं असतं, एन (नाम) आणि व्ही (क्रियापद) बघून पान मिटू नका, ते पुढचंही बघा.

एक वाक्य सावकाश बघूया, कारण सगळा खेळ यात दिसतो: द ओल्ड मॅन द बोट. पहिल्यांदा वाचलं की म्हातारा माणूस, आणि मग बोट, आणि वाक्य संपलं, क्रियापद गेलं कुठे? टायपो वाटतो, आहे मात्र पूर्ण बरोबर वाक्य. अडकल्यावर मागे यायचं आणि दुसऱ्या द वर थांबायचं. द आला म्हणजे तिथून नवं नाम सुरू, द बोट. मग त्याच्या अगदी आधीचा शब्द क्रियापद असायलाच हवा, नाहीतर बोटीचं झालं काय? म्हणजे मॅन क्रियापद, मॅन म्हणजे एखादी जागा किंवा यंत्र माणसांनी सांभाळणं. मग उरलं द ओल्ड, ते झालं नाम, म्हातारी मंडळी. म्हातारी मंडळी बोट सांभाळतात. आपला मेंदू ओल्ड मॅन ही जोडी इतक्या वेळा एकत्र ऐकून बसलाय की तो पुढचं न वाचताच नाम ठरवून मोकळा होतो. इंग्रजी बातम्यांच्या हेडलाइन वाचताना अडखळायला होतं ते पण यामुळेच, तिथे अ आणि द गाळलेले असतात, मग शेजारीच नाही तर ओळखणार कशावरून.

आता मूळ मुद्द्यावर येते, माझ्या त्या फॉरवर. मराठी माणसाच्या इंग्रजीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात असं माझं मत आहे, माझ्या तरी झाल्या. बरेच शब्द नाम असताना मध्ये फॉर, टू, ऑन, विथ असा एक दुवा मागतात आणि क्रियापद झाले की थेट जाऊन चिकटतात. अ डिमांड फॉर ॲन आन्सर, पण दे डिमांड ॲन आन्सर. ॲन ऑर्डर फॉर टेन चेअर्स, पण वी ऑर्डर्ड टेन चेअर्स, मध्ये फॉर नको. अ व्हिजिट टू द म्युझियम, पण वी व्हिजिटेड द म्युझियम. द आन्सर टू धिस क्वेश्चन, पण आन्सर धिस क्वेश्चन. कॉन्टॅक्ट विथ हिम, पण कॉन्टॅक्ट हिम. ॲन अटॅक ऑन द कॅम्प, पण दे अटॅक्ड द कॅम्प. ॲक्सेस टू द फाइल, पण ॲक्सेस द फाइल. आपण मराठीत त्याच्याशी संपर्क, म्युझियमला भेट, रजेसाठी विनंती असा प्रत्येक ठिकाणी प्रत्यय लावतो ना, म्हणून इंग्रजी क्रियापदाला सुद्धा काहीतरी लावल्याशिवाय चैन पडत नाही. डिस्कस अबाउट हा पण याच घरातला रोग, डिस्कशन अबाउट चालतं म्हणून डिस्कसलाही लावून दिलं.

पण हे डोळे झाकून सगळ्यांना लावू नका, रिप्लाय आणि कमेंट यांना दोन्हीकडे दुवा लागतो. अ रिप्लाय टू युवर मेल आणि रिप्लाय टू युवर मेल, अ कमेंट ऑन द ड्राफ्ट आणि कमेंट ऑन द ड्राफ्ट. म्हणजे आन्सर आणि रिप्लाय जुळे भाऊ वाटतात पण एकाला क्रियापद झाल्यावर टू नको, दुसऱ्याला हवाच. काही ठिकाणी दुव्याने अर्थच बदलतो. आय कॉल्ड हिम म्हणजे फोन केला, आय कॉल्ड टू हिम म्हणजे लांबून हाक मारली. सर्च द बॅग म्हणजे बॅगेची झडती घे, सर्च फॉर द बॅग म्हणजे बॅगच हरवलीय ती शोध. याला सरसकट नियम नाही, त्यामुळे शब्द शिकताना त्याच्या शेपटासकट शिकायचा, रिक्वेस्ट समथिंग, अ रिक्वेस्ट फॉर समथिंग, असं जोडीने लिहून ठेवायचं.

विशेषणाचं झटपट सांगते. नामाला क्विक, क्रियापदाला क्विकली. अ क्विक रिप्लाय, रिप्लाय क्विकली. आणि प्लीज गिव्ह मी क्विक रिप्लाय मध्ये एक अ राहिला, मोजता येणारं एकटं नाम उघडं फिरत नाही.

बोलण्यात अजून एक गंमत आहे जी लिहिताना दिसतच नाही. उच्चारात ज्यांचे दोन भाग पडतात असे कितीतरी शब्द नाम असताना पहिल्या भागावर जोर घेतात आणि क्रियापद असताना दुसऱ्या. मराठीत जोराने अर्थ फिरत नाही म्हणून आपल्या कानाला ते पटकन कळत नाही, पण एक सोपी खूण आहे, जोर गेला की तिथला स्वर पिचकतो. ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, अब्जेक्ट म्हणजे हरकत घेणं. कॉन्डक्ट म्हणजे वागणूक, कन्डक्ट म्हणजे आयोजित करणं. प्रेझंट भेटवस्तू, प्रिझेंट सादर करणं. रेकॉर्ड नोंद, रिकॉर्ड नोंदवणं, आणि आपण मराठीत रेकॉर्ड कर म्हणतो ना, तो नामाचाच उच्चार उचललाय, बरोबरच आहे, कारण करणे वेगळं जोडलंय. डेझर्ट म्हणजे वाळवंट आणि डिझर्ट म्हणजे वाऱ्यावर सोडून जाणं. हा प्रकार आधी फार थोड्या शब्दांत होता, १५७० मध्ये छापलेल्या पीटर लेव्हिन्स यांच्या यमकांच्या कोशात अशा जेमतेम तीन जोड्या सापडतात, रेबेल, रेकॉर्ड आणि आउटलॉ, नंतर मात्र वाढत वाढत शंभराच्या पुढे गेल्या. तरीपण सगळे शब्द हे पाळत नाहीत. रिपोर्ट, सपोर्ट, कंट्रोल, डिले यांचा जोर दोन्हीकडे दुसऱ्या भागावर, ऑफर, ऑर्डर, प्रॉमिस यांचा दोन्हीकडे पहिल्यावर. उगाच रेपोर्ट म्हणायला जाऊ नका.

काहींचा जोर हलत नाही पण शेवट बदलतो, नामात स आणि क्रियापदात झ. यूस आणि यूझ, एक्सक्यूस आणि एक्सक्यूझ, हाउस आणि हाउझ. लिहिताना स्पेलिंग तेच म्हणून आपण दोन्हीकडे एकच उच्चार करतो. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझमध्ये तर स्पेलिंगही वेगळं, नामात सी, क्रियापदात एस, आणि मेलच्या शेवटी प्लीज ॲडव्हाइस असं सी घालून लिहिणारे इतके आहेत की मला आता खरं स्पेलिंग बघून दचकायला होतं. प्रॅक्टिसचं असंच आहे पण फक्त ब्रिटिश पद्धतीत, अमेरिकन लोक दोन्हीकडे सीच लिहितात, तेव्हा एक पद्धत धरा आणि तीच ठेवा. एस्टिमेट, ग्रॅज्युएट, डुप्लिकेट यांत क्रियापदाचा शेवट स्पष्ट एट आणि नामाचा शेवट दबका, इट किंवा अट सारखा.

जोडशब्दांना पण हाच न्याय. लॉगिन, बॅकअप, सेटअप, वर्कआउट हे एकत्र लिहिले तर नाम, आणि क्रियापद असेल तर तोडून, लॉग इन, बॅक अप, सेट अप, वर्क आउट. आय कान्ट लॉग इन, माय लॉगिन इज नॉट वर्किंग. गोंधळलात तर भूतकाळ करून बघा, लॉग्ड इन होतं, लॉगिन्ड होत नाही, म्हणजे क्रियापद आतून तुटलेलंच आहे.

अर्थाचं काय? नाम माहीत असलं की क्रियापदाचा अर्थ अंदाजाने लागतो, वॉटर द प्लांट्स म्हणजे पाणी घाल, पण अंदाज फसतो तेव्हा चांगलाच फसतो. डस्ट द शेल्फ म्हणजे धूळ झटक, आणि डस्ट द केक विथ शुगर म्हणजे वरून साखर भुरभुरव, एक काढणं आणि एक घालणं! सीडचंही तसंच, शेतात बी पेरणं पण सीड आणि फळातलं बी काढून टाकणं पण सीड. आणि सगळ्यात डेंजर म्हणजे टेबल. मीटिंगमध्ये एखादा मुद्दा टेबल करूया असं ब्रिटिश माणूस म्हणाला तर चर्चेला घेऊया, अमेरिकन म्हणाला तर सध्या बाजूला ठेवूया. दोन्हीकडचे लोक एका कॉलवर असतील तर मी तो शब्द वापरतच नाही.

आता स्वतः नवीन क्रियापद बनवावं का? लोक बनवतातच, आणि लोक वैतागतातही, हे फार जुनं आहे. १७८९ च्या डिसेंबरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी कोशकार नोआ वेब्स्टर यांना पत्र लिहून तक्रार केली होती की नोटिस, ॲडव्होकेट, प्रोग्रेस ही चांगली नामं लोक क्रियापदं म्हणून वापरायला लागलेत. आज या तिघांबद्दल कोणी भुवईसुद्धा उचलत नाही. गुगल हे क्रियापद म्हणून २००६ मध्ये ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेब्स्टर दोन्ही कोशांत गेलं. बनवताना दोन गोष्टी बघायच्या. एक, त्या कामाला आधीच साधं क्रियापद आहे का, असेल तर नवीन तग धरत नाही, चोरीसाठी स्टील असताना थीफला कोणी क्रियापद करत नाही आणि डिसाइड असताना डिसिजनला. शन-अंती शब्द तसेही सहसा नामच राहतात, पण मेन्शन, क्वेश्चन, ऑक्शन, फंक्शन यांनी तो नियमही मोडलाय. दोन, नामावरून बनलेलं क्रियापद भूतकाळात बहुधा सरळ ईडी घेतं, गुगल्ड, टेक्स्टेड. रिंगमध्ये ते छान दिसतं, घंटा वाजवली तर रँग, पण एखाद्या गोष्टीभोवती कडं केलं, म्हणजे अंगठी-वाली रिंग, तर रिंग्ड. ऑफिसात उलटा प्रवासही चालू असतो, क्रियापदाची नामं, अ बिग आस्क, द स्पेंड, ॲन इन्व्हाइट. इन्व्हाइट तसं बरंच जुनं आहे, चालवून घ्या, पण बाहेरच्या माणसाला औपचारिक पत्र असेल तर मी इन्व्हिटेशनच लिहिते, आस्क तर मला आजही घशाखाली उतरत नाही.

सराव करायचा तर नवीन वाक्यं रचत बसण्यापेक्षा आपलीच जुनी बाहेर काढा. सेंट फोल्डर उघडा आणि रिक्वेस्ट फॉर सर्च करा. प्रत्येक ठिकाणी आधीचा शब्द बघा. माय, युवर, द, अ असेल तर सोडून द्या, ते नाम आहे. आय, वी किंवा टू असेल तर तो फॉर जास्तीचा आहे. मग ऑर्डर्ड फॉर, व्हिजिटेड टू, डिस्कस अबाउट, आन्सर टू, आणि शेवटी ते सी-वालं प्लीज ॲडव्हाइस. माझ्याकडे नुसत्या रिक्वेस्ट फॉरचे एकेचाळीस निघाले होते, त्यातले बरोबर फक्त सहा.